डावा आरसा माणसाचा

सरांच्या मोटारसायकलचा डावा आरसा रस्त्याकडे कधी बघतच नसे. तो आत वळवलेला असायचा, मागे बसणाऱ्याच्या तोंडाकडे. उजवा मात्र जागच्या जागी, काच पुसलेली, मागचा रस्ता नीट दाखवणारा. "उजवा आरसा रस्त्याचा, डावा आरसा माणसाचा," असं म्हणून सर किक मारत आणि मी ओढणी सावरून मागे बसत असे.

खरं कारण आधीच सांगते, ते लपवून गोष्ट रंगवण्यात मला आता मजा वाटत नाही. सरांना ऐकू येत नव्हतं. मागे बसलेल्याचे ओठ त्या आरशात वाचून ते त्याच्याशी बोलत. आणि मला हे सात महिने कळलं नाही. रोज चौदा किलोमीटर जाताना आणि चौदा किलोमीटर येताना मी त्या माणसाच्या मागे बसून अखंड बडबडत होते, तरी कळलं नाही. मी शिक्षिका आहे, हे इथे सांगायला जरा लाजच वाटते.

मी दवनीवाड्याकडची. घरी धानाची शेती. घरात पोवारी, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेली. पहिली नेमणूक मिळाली ती जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, चिचगडच्या पुढे जंगलात, दोन शिक्षकांच्या शाळेवर. आईने आठ दिवस डोळे पुसले. मी चिचगडला खोली घेतली. शाळेच्या गावाला बस जात नव्हती. शाळेतले दुसरे शिक्षक म्हणजे सर. मूळचे अर्जुनी मोरगावकडचे, पण बरीच वर्षं चिचगडलाच बिऱ्हाड करून राहिलेले. त्यांच्या पत्नीला मी पुढे काकू म्हणायला लागले. पहिल्याच भेटीत काकू मला म्हणाल्या, "त्यायच्याच गाडीवर जात जाय बाई. भेव नोको. त्यायच्यापेक्षा बैलगाडी जोरात पळते."

त्यात काही खोटं नव्हतं. सरांची गाडी पंचवीसच्या वर जात नसे. त्या रस्त्याची आठवण आली की मला अजून पेंग आल्यासारखं होतं. हिवाळ्यात सकाळी धुकं असायचं. दोन्ही बाजूंना साग, मध्येच बांबूची रांजी, मध्येच कापलेल्या धानाची नुसती खुंटं उरलेली बांधी. गाडी इतकी हळू चाले की झाडावरून सुटलेलं पान जमिनीवर टेकेपर्यंत बघता येई. डावा आरसा थरथरत असायचा. त्यात माझा चेहरा, चेहऱ्यामागे झाडं, झाडांमागे धुकं, सगळं एकाच लयीत हलायचं. कधी कधी मी त्या आरशात स्वतःला बोलताना बघायची आणि वाटायचं, ही कोण मुलगी एवढी बोलते आहे? त्या मुलीने सरांना सगळं सांगून टाकलं होतं. घरची आठवण येते, स्वयंपाक येत नाही, बाबांनी माझ्या नोकरीची पेढ्यांची पेटी गावभर फिरवली पण मला एका शब्दाने शाबासकी दिली नाही, हेसुद्धा. सरांचं उत्तर नेहमी थोडं उशिरा यायचं. मला वाटायचं, किती विचार करून बोलतात. वळणावर मात्र मी बोललेलं हमखास वाया जाई. वळणावर सरांची नजर रस्त्यावर असे. "वळणावर बोलायचं नाही," असा त्यांनी नियमच करून टाकला होता, आणि मी तो वाहतुकीचा नियम समजून पाळत होते.

आमच्याकडे मुली गाडीवर बसल्या की ओढणी अशी गुंडाळतात की फक्त डोळे उरतात. पहिल्या दिवशी मीही तशीच बसले. सरांनी शंभर पावलांवर गाडी थांबवली.

"मॅडम, तोंड उघडं ठेवा."

"धूळ लागते, सर."

"काय?"

मी ओढणी खाली ओढून परत सांगितलं. तेव्हा म्हणाले, "लागू द्या. धूळ धुतली जाते."

मला भयंकर राग आला. कोण हे, आणि माझ्या ओढणीशी यांचा काय संबंध? पण पहिली नोकरी, नवं गाव आणि दुसरी गाडी नाही. मी ओढणी गळ्याशी घेतली. सरांनी हात लांब करून डावा आरसा दोन बोटांनी जरासा फिरवला, मान तिरकी करून बघितलं आणि गाडी सुरू केली.

तो आरसा असा बोटांनी फिरावा, यासाठी त्यांनी तो मुद्दाम सैल ठेवला होता. दांडीच्या आट्यांवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर नट अर्धवट बसवलेला. त्यामुळे तो खड्ड्यात पडत नसे, पण हाताने हवा तिथे वळे. बुटका माणूस मागे बसला की खाली, उंच बसला की वर. दर महिन्याला पट्टी झिजली की सर शाळेच्या पायरीवर बसून नवी कापत. त्या वेळी त्यांच्याशी कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. घड्याळ दुरुस्त करावं तसं त्यांचं ते काम चाले.

विक्षिप्त म्हणून सरांची ख्याती पंचक्रोशीत होती. खर्रा खाणाऱ्या माणसाशी ते बोलतच नसत. समोरच्याच्या गालात गोळा दिसला की बोट दाराकडे. "थुंकून या, मंग बोला." साक्षात सरपंचालाही त्यांनी असं दोनदा बाहेर पाठवलं. लोकांना वाटे गुरुजी तंबाखूच्या फार विरोधात आहेत, आणि तंबाखूमुक्त शाळेचं एक प्रशस्तिपत्रही त्यापायी भिंतीवर लागलं होतं. खरी गोष्ट एवढीच, की तोंडात खर्रा असला की माणसाचे ओठ वाचता येत नाहीत. तसंच मिशांचं. आमच्या केंद्रप्रमुखांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या होत्या. सर त्यांना भेटतील तेव्हा मनापासून सांगत, "सर, मिशी थोडी बारीक करा. दहा वर्षांनी लहान दिसाल." शेवटी त्यांनी खरंच केली, आणि लहान दिसू लागले म्हणून सरांना चहा पाजला.

फोन ते उचलत नसत. "टॉवर नाही, मेसेज पाठवा." आता शाळेच्या मागेच टॉवर उभा होता, त्याची सावली दुपारी आमच्या व्हरांड्यात पडे. मी एकदा बोटाने दाखवला. सर टॉवरकडे बघून म्हणाले, "हा आहे, पण मन लावून काम करत नाही."

शाळेची घंटा म्हणजे रुळाचा एक तुकडा आंब्याच्या फांदीला टांगलेला होता. मुलांपैकी कोणी टोला दिला की सर तळहात त्या रुळाला लावून उभे राहत, डोळे मिटून, अगदी शेवटपर्यंत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "थंड लागतो हाताले. बरं वाटते."

आणि पहिलीचा वर्ग. तो त्यांनी कधी सोडला नाही. वरचे वर्ग माझ्याकडे आणि पहिली-दुसरीची बावीस पोरं त्यांच्याकडे. बदली होवो, वेतनवाढ होवो न होवो, पहिली माझी, एवढं एकच मागणं ते दर वर्षी करत. पोरं घरी कोणी गोंडी, कोणी छत्तीसगढी बोलणारी. जून महिन्यात ती मराठी ऐकून नुसती बघत बसत. सर त्यांच्यासमोर मांडी घालून गुडघ्याला गुडघा लावून बसत आणि एकेक शब्द त्यांच्या तोंडातून असा बाहेर काढत, की दिवाळीपर्यंत पोरं घडाघडा वाचायला लागत. "पहिलीचं लेकरू आख्ख्या तोंडानं बोलते मॅडम," ते म्हणत. "मोठी माणसं ओठातल्या ओठात बोलतेत. अना खोटं बोलतानी तं ओठ हालवतच नाहीत." निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. ते चौदा महिने या पोरांसोबत जावेत, यापलीकडे त्यांना आयुष्यात काही नको होतं. हे ते कोणाला सांगत नसत, पण वर्गात बघितलं की कळे.

फेब्रुवारीत पळस फुलला. त्याच सुमारास चिचगडच्या चौकात मी सरांच्या गाडीवरून उतरत असताना मोटारसायकल दुरुस्त करणारा दुकानातून मोठ्याने म्हणाला, "मॅडम, सरचा आरसा तं तुमालेच पाहून राहिला नं!" बाकावर बसलेले दोघे-तिघे हसले. सर पुढे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

त्या दिवसानंतर मी आरशात बघायचं टाळू लागले. सर विचारत, "गप का?" मी मान हलवत असे. मनात मात्र चक्र सुरू झालं. ओढणी काढायला लावली ती का? आरसा फिरवतात तो का? साठीकडे झुकलेला, डोक्यावर केस नसलेला, बायकोला "काय आणू बाजारातून" असं दहादा विचारणारा हा माणूस, त्याच्याबद्दल मी असा विचार करत होते. पण चौकातलं ते हसू कानातून जात नव्हतं. एकट्या राहणाऱ्या मुलीला ते परवडतही नसतं.

महिन्याची शिक्षण परिषद चिचगडच्या मोठ्या शाळेत होती. आम्ही परतेपर्यंत पोरांपाशी अंगणवाडीच्या बाई बसल्या होत्या. जेवणाच्या सुट्टीत सरांच्या गाडीची चावी टेबलावर होती. मी ती उचलली, गाडी ढकलत चौकात नेली आणि त्याच दुकानदाराला म्हणाले, "डावा आरसा कसून द्या. रस्ता दिसला पाहिजे. हाताने हलता कामा नये."

त्याने नट खोलला. "याच्यात रबर कोनं टाकला जी? म्हनून ढिला हाय." त्याने पट्टी काढून गटारात टाकली, आटे साफ केले, पाना लावून नट आवळला, काचेमागचा स्क्रूही आवळला आणि वरून आरशाला एक चापट मारून दाखवली. "आता बैलानं धडक मारली तरी नाही हालत."

मला फार बरं वाटलं. मोठं धाडस केल्यासारखी मी परत येऊन बसले.

परिषद संपताना नवीन आलेले विस्तार अधिकारी उभे राहिले आणि म्हणाले, "आजच एखादी शाळा बघावी म्हणतो." नेमकी आमची निवडली. वाटेतल्या नाल्यावरचा रपटा, म्हणजे बुटका पूल, पावसात अर्धा वाहून गेला होता, त्यांची चारचाकी पलीकडे जाणार नव्हती. "सर, मी तुमच्याच गाडीवर बसतो. बोलत बोलत जाऊ," साहेब म्हणाले. मी केंद्रप्रमुखांच्या मागे बसले. आमची गाडी सरांच्या गाडीच्या मागे होती.

गाव सुटलं. साहेब पुढे वाकून सरांच्या कानाशी काहीतरी बोलले. मी बघितलं, सरांचा डावा हात सुटला आणि आरशाकडे गेला. आरसा फिरला नाही. हात परत मुठीवर आला. साहेब पुन्हा बोलले. हात पुन्हा गेला, या वेळी पूर्ण पंजाने धरून. गाडी थोडी डगमगली. आरसा जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा हात गेला तो फक्त टेकला, काचेवर, आणि तसाच राहिला थोडा वेळ.

आणि मला कळलं. कसं ते सांगता येणार नाही. पळसाच्या झाडांमधून आम्ही संथ चाललो होतो, ऊन कलतं होतं, आणि माझ्या डोक्यात सात महिने उलटे फिरू लागले. ओढणी, खर्रा, मिशा, टॉवर, वळणं, रुळावरचा तळहात. सगळं आपापल्या जागी जाऊन बसलं.  साहेब त्या माणसाच्या पाठीशी बोलत होते आणि त्याच्याकडचा एकमेव कान मी पाना लावून बंद केला होता.

मग सरांनी एक गोष्ट केली. ते स्वतःच बोलायला लागले, आणि थांबलेच नाहीत. वारा त्यांचं बोलणं आमच्यापर्यंत आणत होता. मोहाला कळी कधी धरते, बांबूला फूल आलं की काय होतं, अर्जुनीकडच्या तलावावर सारसाची जोडी धानाच्या बांधीत घरटं कसं बांधते, नर घरट्यावर बसला की मादी कुठे जाते. साहेब मध्ये शिरायचा प्रयत्न करत होते. दहा किलोमीटर सारस पक्षी काही बाजूला झाला नाही.

शाळेपाशी उतरल्यावर साहेब रुमालाने मान पुसत केंद्रप्रमुखांना म्हणाले, "मी पाच वेळा पटसंख्या विचारली हो. यांना ऐकायला कमी येतं की काय?"

"गाडीवर कोणालाच ऐकू येत नाही, साहेब," मी मध्येच बोलले. माझा आवाज चिरकला. साहेबांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि सरळ पहिलीच्या वर्गात गेले.

सर तोवर पोरांमध्ये जाऊन जमिनीवर बसले होते, एका मुलीच्या पाटीवर वाकून. साहेब त्यांच्या पाठीमागे फळ्याजवळ उभे राहिले. तोंड फळ्याकडेच ठेवून, तिथला मजकूर वाचत त्यांनी विचारलं, "सर, पट किती?"

मी दारात होते. बावीस पोरांचे डोळे एकदम फळ्याकडे गेले. सरांनी ते बघितलं आणि मान वळवली. त्यांना दिसली ती फक्त साहेबांची पाठ. एवढ्यात त्या पाटीवाल्या मुलीने सरांच्या मनगटावर बोट ठेवलं. ते तिच्याकडे वळले. तिने आवाज न काढता, ओठ मोठे मोठे करून, शब्द सुटा सुटा करून म्हटलं: कि-ती पो-रं?

"बावीस, साहेब," सर म्हणाले.

साहेबांनी मान डोलावली. पुढे त्यांनी समोर येऊन आणखी दोन-चार प्रश्न विचारले, पोरांकडून वाचून घेतलं, खूश झाले. शेरापुस्तकात चांगलं लिहिलं. पण सरांचं त्यात लक्ष नव्हतं. ते त्या मुलीकडे बघत होते. सहा वर्षांची, दोन वेण्यांची पोर, पुन्हा पाटीवर रेघोट्या ओढत बसली होती.

पाहुणे गेले, पोरं सुटली. सर व्हरांड्यात माझ्यासमोर येऊन बसले.

"आरसा कोणी कसला?"

"मी."

"काऊन?"

मी सांगितलं. रडत सांगितलं, आणि रडताना पण त्यांना ओठ दिसावेत म्हणून तोंड वर धरून सांगितलं. चौकात लोक हसतात. म्हणतात, सरांचा आरसा मॅडमकडेच असतो. "आणि मलाही वाटलं..." तिथे मी थांबले.

"तुमालेही वाटलं," सर म्हणाले.

 मग म्हणाले, "मॅडम, मी तुमचं तोंड नाही पाह्यलं. तुमचं बोलणं पाह्यलं. अकरा वर्षं झाली, मले आयकू येत नाही. घरी तिले सोडून कोणालेच नाही सांगतलं. पण तुमाले सांगाले पाह्यजे होतं. एकटी पोरगी, लोकं काय म्हणतीन, हे माझ्या डोक्यातच नाही आलं. मी माझंच झाकत बसलो."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी काहीतरी म्हणाले, माफ करा वगैरे. त्यांनी हात हलवला. तो विषय त्यांच्यापुरता तिथेच संपला होता. त्यांना दुसरंच काही खात होतं.

"त्या पोरीले मी शिकवलं नाही ते," ते म्हणाले. "कोणालेच नाही शिकवलं. त्यायनं आपल्या मनानं केलं. म्हणजे पोरायले मालूम हाय. मी मोठा माणूस असून चोरी केली, अना सहा-सहा वर्षांची लेकरं ती झाकून राहिली. हे नाही चालत." आणि त्यांनी ठरवून टाकलं. अर्ज द्यायचा. मला ऐकू येत नाही, वर्गाला दुसरा शिक्षक द्यावा. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्यायचा आणि वर पाठवायचा.

"ऑफिसात बसवतील, सर. फायली लावायला. चौदा महिने तर राहिलेत."

"बसवू द्या."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या दुकानदाराकडे गेले आणि आरसा सैल करायला सांगितला. पट्टी मी घरून कापून नेली होती. त्याने पाना खाली ठेवला. "मॅडम, लोकं कसाले आणतेत. ढिला कराले कोनी पयल्यांदाच आलं." मी त्याला म्हटलं, कर गुमान, आणि पुन्हा कोणाच्या आरशाबद्दल बोललास तर तुझं दुकान उचलून नाल्यात टाकीन. तो बिचारा मुकाट कामाला लागला. आरसा त्याने अगदी मन लावून सैल केला.

समितीची सभा पुढच्या आठवड्यात होती. मधल्या रविवारी सरांनी मला घरी चहाला बोलावलं. काकू समोर बसल्या होत्या आणि सर सांगत होते, आवाज कसे गेले ते. "आधी रातकिडे गेले. मले वाटलं, औंदा रातकिडे आलेच नाहीत. मंग कुकरची शिट्टी. मंग पाखरं. ट्रॅक्टर लय दिवस राह्यला, सगळ्यात शेवटी तो गेला." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. गावातून एकेक कुटुंब परगावी निघून जावं, तसं ते सांगत होते. एकदा नागपूरहून कानाचं यंत्र आणलं होतं. "त्यात तं सगळं गावच एकदम घरात घुसलं. कोण काय म्हणते, कायी पत्ताच नाही लागे." ते यंत्र काकूंनी सुयांच्या डब्यात ठेवून दिलं होतं. काकू मध्येच माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ऑफिसात बसतीन तं मरून जातीन हे. तिथं सारे कागदात तोंड घालून बोलतेत." सर त्या वेळी कपात बघत होते, त्यामुळे त्यांना हे दिसलं नाही.

सभेपर्यंत मोहाचे दिवस सुरू झाले होते. बाया पहाटे मोहफुलं वेचून, टोपल्या दाराशी ठेवून, तशाच आल्या होत्या. सगळ्या व्हरांड्यात गोड, जड वास भरून होता. एरवी सभेला सहा-सात माणसं असायची. त्या दिवशी पन्नासेक होती, आणि पहिली-दुसरीची बावीस पोरंही. सर उभे राहिले. अर्ज हातात होता, पण त्यांनी तो वाचला नाही.

"मले आयकू येत नाही," ते म्हणाले. "अकरा सालापासून. तुमच्यापासून लपवलं. तुमच्या पोरायले दुसरा गुरुजी पाह्यजे. ठराव करून द्या."

 मग पहिलीतल्या एका पोराचा आजा पुढे सरकला, तोंडातला खर्रा व्हरांड्याबाहेर थुंकून आला, सरांसमोर नीट उभा राहिला आणि म्हणाला, "आमाले मालूम हाय, गुरुजी. पाच-सहा सालापासून."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"सांगतलो ना. दोनदा सांगतलो. तुमी आयकलेच नाही."

व्हरांडा हसून हसून कोसळायचा बाकी राहिला. सरही हसले, पण लगेच गंभीर झाले आणि अर्ज समितीच्या अध्यक्षीणबाईंसमोर धरला. दहा एकरांचा धान एकटीने काढणारी ती बाई. तिने कागद घेतला, वाचला आणि सरांकडे तोंड करून विचारलं, "लेकरं वाचून राह्यली का?"

"वाचून राह्यली."

"लिवून राह्यली का?"

"लिवून राह्यली."

"मंग यात लबाडच लिवलं हाय. मी सही नाही करत." तिने कागदाची घडी केली आणि आपल्या बटव्यात टाकली.

तो ठराव झाला नाही आणि सर पुढचे चौदा महिने त्याच वर्गावर राहून निवृत्त झाले, हे इथेच सांगून टाकते. पण सरांना ते तेव्हा पटलं नव्हतं. ते उभे राहून वाद घालत होते, कायदा सांगत होते. मी लेकरांना खोटं झाकायला लावलं, हे पुन्हा पुन्हा सांगत होते. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी उठली. त्या पाटीवाल्या मुलीची आजी. माणसांमधून वाट काढत ती सरांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"लेकरायनं नाही झाकलं, बापा," ती म्हणाली. "आमी झाकलं. या गावात बाई माणूस मोठ्यायपुढं तोंडावर पदर धरून बोलते. तुमच्यापुढं कोनी धरला का कधी? आठवून पाहा. नवी सून आली का सासू पयले सांगते, साऱ्यायपुढं पदर घे, गुरुजीपुढं नोको घेऊ, त्यायले तोंड दिसू दे. माझ्या सासऱ्यायनं मरेपर्यंत माझं तोंड नाही पाह्यलं. तुमाले आमी दाखवलं. अना तुमी आमाले सोडून जातो म्हणता?"

मी बायांकडे बघितलं. पन्नाशीच्या, विशीच्या, कडेवर पोर घेतलेल्या. सगळ्यांच्या डोक्यावर पदर होता आणि सगळ्यांची तोंडं उघडी होती. सात महिने मी या बायांना बिनधास्त समजत होते.

आजीने पुढे काहीतरी विचारलं. सरांनी उत्तर दिलं नाही. तिने पुन्हा विचारलं, "सांगा नं, ऱ्हाता का जाता?" मग इतरही बोलायला लागले, चारी बाजूंनी, एकदम.

सरांनी हात वर केला.

"थांबा जी," ते म्हणाले. "डोळे भरले. मले काहीच आयकू नाही येऊन राह्यलं."

सभा थांबली. बोलता बोलता उघडी राहिलेली तोंडं तशीच राहिली. सरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. ते पुन्हा भरले, पुन्हा पुसले. बराच वेळ लागला. पन्नास माणसं आणि बावीस पोरं, एकही शब्द न बोलता वाट बघत थांबली होती. मग त्यांनी चष्मा लावला, आजीच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "हां. आता बोल, माय."